बहिणाबाईंना अक्षर कोणी नाकारले?

बहिणाबाई चौधरींना नुसती भोळीभाबडी निसर्गकन्या म्हणणे आम्हाला मान्य नाही. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. बाईची जात म्हणून व्यवस्थेने अक्षर नाकारले. तेराव्या वर्षी लग्न, तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरात तीन लेकरे. त्यातला ओंकार प्लेगने कायमचा अपंग. पण शेत सुटले नाही, जाते थांबले नाही, आणि स्वतःचे म्हणून जे एकच होते ते गाणेही त्यांनी सोडले नाही. सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी जमेल तेवढे टिपून घेत. बाकीचे किती वाऱ्यावर गेले असेल! १९५१ साली त्या गेल्या, संग्रह निघाला १९५२ मध्ये. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्या दारापर्यंत खानदेशातल्या शेतमजुरांच्या किती लेकी पोचतात, हे आम्ही विचारणारच.