मॅस्लो यांचा त्रिकोण आणि कुलूपबंद कपाट

बी.एड. झालेल्या कुणालाही विचारा, मॅस्लोचा त्रिकोण पाठ असतो. तळाला भूक-तहान, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान आणि टोकाला आत्मविकास. परीक्षेतला हमखास प्रश्न! गंमत म्हणजे मॅस्लो यांच्या मूळ लेखात हा त्रिकोण नाहीच. तो १९६० च्या सुमारास व्यवस्थापनाच्या सल्लागार मंडळींनी काढला. त्यामुळे आधी पोट, बाकीचं नंतर, एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे उरला.

अब्राहम मॅस्लोचा जन्म १ एप्रिल १९०८ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. आईवडील रशियातून आलेले गरीब ज्यू, सात भावंडांत हा थोरला. घरात खायला होतं, पण आई खाण्याच्या कपाटाला कुलूप लावायची, असं त्यांनी मोठेपणी सांगितलं. रस्त्यावर सापडलेली मांजराची दोन पिल्लं त्याने तळघरात आणून दूध पाजलं, तर आईने त्याच्यासमोर त्यांची डोकी भिंतीवर आपटली. बाहेर ज्यू म्हणून मारणारी पोरांची टोळकी. आसरा एकच, ग्रंथालय.

वडिलांना पोरगा वकील व्हायला हवा होता. त्याने ते सोडलं आणि घरच्यांचा विरोध असताना जवळच्या नात्यातल्या बर्थाशी विसाव्या वर्षी लग्न केलं. (नात्यातलं लग्न आपल्या भागात नवं नाही, तिथे होतं.) आपलं आयुष्य खरं तिथून सुरू झालं, असं ते मानत. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात माकडांच्या टोळीत कोण कुणावर वर्चस्व गाजवतं, याचा अभ्यास करून १९३४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९३८ च्या उन्हाळ्यात ते कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट आदिवासींमध्ये काही आठवडे राहिले. ही माणसं गरीबच. पण तिथे मोठा माणूस कोण, तर साठवणारा नव्हे, वाटून टाकणारा. आणि बहुतेकांच्या मनात असुरक्षितता जवळजवळ नाही. वर्चस्वाचा अभ्यास करून गेलेल्या माणसाला हे चक्रावून टाकणारं होतं.

मग डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्यानंतर एके दिवशी गाडीने घरी जाताना वाटेत एक मिरवणूक लागली. जुने गणवेश घातलेली म्हातारी माणसं, पोरं, झेंडा, बेसूर बासरी. मॅस्लो यांना रडू आलं. माणूस मुळात कशासाठी धडपडतो हे कळलं तर युद्धं टळतील, या वेड्या आशेने ते कामाला लागले. १९४३ चा प्रेरणेवरचा लेख त्यातून आला.

त्या लेखातली एक गोष्ट कुणी शिकवत नाही. खालची पायरी शंभर टक्के भरल्याशिवाय वरची उघडत नाही, असं मॅस्लो म्हणतच नाहीत. उदाहरणादाखल त्यांनी आकडेही धरले आहेत: सर्वसाधारण माणसाची शरीराची गरज ८५ टक्के भागते, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मानाची ४० आणि आत्मविकासाची १०. म्हणजे सगळ्या भुका एकाच वेळी, कमी-जास्त. तत्त्वापायी सर्वस्व सोडणारे हुतात्मेही त्यांनी अपवाद म्हणून त्याच लेखात नोंदवलेत. आधी पोटाचं बघा, मग भाषेचं, हे ऐकत आलेल्या सीमाभागाला हा अपवाद समजावून सांगायला नको.

१९५१ पासून ते ब्रँडाइस विद्यापीठात होते. आत्मविकास साधलेली माणसं म्हणून त्यांनी लिंकन, आइन्स्टाइन वगैरे स्वतःच निवडले, तेही मोजकेच, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच होती. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात त्यांनी उन्हाळा काढला, तेव्हापासून कंपनीवाल्यांनी त्यांना उचलून धरलं.

आईशी समेट शेवटपर्यंत झाला नाही. तिच्या अंत्यविधीलाही ते गेले नाहीत. १९६७ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ८ जून १९७० रोजी मेन्लो पार्कमधल्या घरी हळूहळू धावण्याचा व्यायाम करताना ते कोसळले. वय ६२. बर्था शेवटपर्यंत सोबत होती.