लेव्ही स्ट्रॉस

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांत आहे. तेथील बुटेनहाइम या लहानशा गावी, २६ फेब्रुवारी १८२९ रोजी, एका ज्यू कुटुंबात लेव्ही स्ट्रॉस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावोगाव फिरून माल विकीत. त्या काळी बव्हेरियात ज्यूंनी कोठे राहावे व कोणता धंदा करावा, यांवर कडक निर्बंध होते. १८४६ मध्ये वडील क्षयाने वारले आणि कुटुंबाचा आधार तुटला. तेव्हा माता व दोन बहिणी यांच्यासह लेव्ही समुद्र ओलांडून अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क शहरी त्यांचे सावत्र बंधू कापडाचा व्यापार करीत होते. त्यांच्याजवळ राहून लेव्ही धंदा शिकले.

कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोने सापडले आणि तिकडे माणसांची रीघ लागली. १८५३ मध्ये लेव्हीही सॅन फ्रान्सिस्कोस आले. परंतु सोने खणण्यासाठी नव्हे. खणणाऱ्यांना कपडे व कांबळी लागणारच, हे जाणून त्यांनी घाऊक दुकान काढले. आसपासचे लहान दुकानदार त्यांच्याकडून माल नेऊ लागले.

रेनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस हे त्यांचे एक गिऱ्हाईक. तेही दूरच्या रिगा शहरातून अमेरिकेत आलेले. मजुरांच्या विजारींचे खिसे वारंवार फाटत आणि नवी विजार घेणे गरिबांस जड जाई. एकदा एका मजुराच्या पत्नीने पतीसाठी मजबूत विजार मागितली. तेव्हा डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. खिसे टिकले आणि मागणी वाढली! या युक्तीचे पेटंट घ्यावे, तर ६८ डॉलर हवे होते. तेवढा खर्च डेव्हिस यांना पेलण्यासारखा नव्हता. अखेर १८७२ मध्ये त्यांनी पत्र लिहून लेव्हींपुढे सारी हकीकत मांडली.

युक्ती आता लेव्हींच्या हाती होती. ती बळकावणे त्यांना कठीण नव्हते. तथापि त्यांनी पेटंटचा खर्च सोसला आणि डेव्हिस यांना हक्कात भागीदार केले. २० मे १८७३ रोजी मिळालेल्या पेटंटवर शोधक म्हणून डेव्हिस यांचेच नाव आहे. पुढे उत्पादनावर देखरेख करण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोस आले. शिवणकाम करणाऱ्या अनेक स्त्रियांना रोजगार मिळाला आणि कष्टकऱ्यांना टिकाऊ वस्त्र लाभले. तेच आज जीन्स या नावाने जगभर ओळखले जाते.

या चरित्रास एक उणी बाजूही आहे. त्या काळी कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविषयी द्वेष पसरला होता. लेव्हींच्या कंपनीनेही आपला माल गोऱ्या मजुरांनीच तयार केल्याची जाहिरात केली. स्वतः परदेशातून आलेल्या माणसाच्या कंपनीने दुसऱ्या परदेशीयांना दूर लोटावे, ही खेदाची गोष्ट होय.

१८९७ मध्ये लेव्हींनी कॅलिफोर्निया विद्यापीठास २८ शिष्यवृत्त्यांसाठी धन दिले. २६ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या अनाथालयांना देणग्या दिल्या होत्या.

दोन परदेशस्थांपैकी एकाने कल्पना दिली, दुसऱ्याने भांडवल दिले आणि दोघांनी परस्परांवर विश्वास ठेवला. त्यामुळे ज्या देशाने त्यांना आसरा दिला, त्या देशातील असंख्य घरांची चूल पेटली.