विश्लेषण : पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी कसे पूर्ण केले?

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे लक्ष्मीबाई टिळक मराठी वाचकांच्या घरच्या झाल्या. पण शाळेत कधीही न गेलेल्या नाशिकच्या या लेखिकेने येशू ख्रिस्ताच्या ओवीबद्ध चरित्राचाही सर्वांत मोठा भाग लिहिला, हे फारसे सांगितले जात नाही. ‘ख्रिस्तायन’च्या ७६ अध्यायांपैकी ६४ अध्याय त्यांचे आहेत. हे काम त्यांच्याकडे कसे आले आणि त्यामागे कोणते आयुष्य होते, याचा हा आढावा.

‘ख्रिस्तायन’ म्हणजे काय?

‘रामायण’ या नावाच्या धर्तीवर ‘ख्रिस्तायन’. बायबलच्या नव्या करारातील ख्रिस्तकथा मराठी माणसाच्या ओळखीच्या ओवीत सांगावी, ही कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची इच्छा. तशी परंपरा मराठीत होतीच. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते. टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. पण ‘ज्ञानोदय’चे संपादन, धर्मकार्य, कविता आणि सतत येणारे-जाणारे पाहुणे यांत ते मागे पडत गेले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते.

लक्ष्मीबाईंचे बालपण कसे होते?

नाशिकजवळ गोदाकाठी असलेल्या जलालपूर येथे १८६८ मध्ये त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावात फाशी झाली होती. त्या प्रसंगानंतर मनूच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने कायमचे घर केले. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय शिवायची नाही, अशी सक्ती असे. त्याचा सगळा जाच घरातल्या बायकामुलांना सोसावा लागे. मुलीला शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता.

वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० च्या सुमारास, तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, प्रेमळ, तितकेच तापट आणि एका जागी न टिकणारे. नोकरी सोडून ते कधी निघून जातील, याचा नेम नसे. पत्नीला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवले. धरसोडीने का होईना, अक्षरओळख झाली आणि पुढे लक्ष्मीबाई स्वतः कविता करू लागल्या.

संसारावर वादळ कशामुळे आले?

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नवा करार दिला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी राहिले तर धर्म बुडाला. आणि माहेरच्यांच्या आश्रयाने राहिले तर त्याच्याशी ताटातूट. आजच्या वाचकाला हा पेच समजायला अवघड वाटेल. पण त्या काळात स्पर्श, पाणी आणि पंगत यांवरच माणसाचे समाजातले स्थान ठरत असे.

सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. जलालपूर, पंढरपूर अशी ठिकाणे झाली. नातेवाइकांचा आधार होता, तसे टोमणेही होते. अखेर मुलाला घेऊन त्या अहमदनगरला गेल्या. पण आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवूनच.

सोवळे कसे सुटले?

कोणाच्या उपदेशाने नाही, असे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते. टिळकांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. जातीची उतरंड देवाने घातली की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला. माणसानेच, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. म्हणजे जात आधी सुटली, धर्म नंतर बदलला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचे नगरचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी यांचा राबता असे. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. लहानपणी ज्या मुलीला धुतल्याशिवाय काही शिवता येत नव्हते, ती बाई आता कोणाकोणाची मुले मांडीवर घेऊन वाढवत होती.

६४ अध्याय कसे लिहिले गेले?

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. उत्पन्नाची सोय नव्हती. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले, काही काळ मुलाच्या कुटुंबासह कराचीत राहिल्या आणि शेवटी नाशिकला परतल्या. या स्थलांतरांच्या काळात त्यांनी ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले.

हाताशी दोन गोष्टी होत्या. एक, टिळकांनी आखून दिलेली वाट. दुसरी, ओवी. जात्यावर दळताना, मूल निजवताना मराठी बायकांनी पिढ्यानपिढ्या जपलेला हा छंद शिकायला शाळा लागत नाही. तो कानावाटे येतो. एका पुस्तकी पंडिताने सुरू केलेले काव्य अशा रीतीने बायकांच्या ओळखीच्या छंदातून एका बाईने तडीला नेले. ६४ अध्याय त्यांनी लिहिले, शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ छापून आले १९३८ मध्ये. ते त्यांना पाहता आले नाही.

बायबलमधील स्त्रियांशी त्यांचे नाते काय?

बायबलमधील स्त्रियांच्या नजरेतून कथा पुन्हा सांगणाऱ्या कादंबऱ्या आज जगभर वाचल्या जातात. याकोबाची मुलगी दीना हिच्यावरची अनिता डायमंट यांची ‘द रेड टेंट’ (१९९७) हे त्याचे गाजलेले उदाहरण. लक्ष्मीबाईंनी कादंबरी लिहिली नाही. त्यांनी ख्रिस्तचरित्र सांगितले. पण त्या कथेतल्या बायका त्यांना परक्या नव्हत्या.

विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीकडे येशू पाणी मागतो, तेव्हा तिला आश्चर्य वाटते. कारण यहुदी माणूस शोमरोनी माणसाच्या हातचे पाणी पीत नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला चोरून शिवते. कारण ती विटाळशी मानलेली. मार्था पाहुण्यांच्या सरबराईत अडकते आणि तिची बहीण मरिया बोलणे ऐकत बसते. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगते ती मग्दालिया मरिया, आणि तिच्यावर लगेच कोणी विश्वास ठेवत नाही.

पाणी, विटाळ, चूल आणि बाईच्या शब्दाची किंमत! पॅलेस्टाइनमधल्या या गोष्टी नाशिक-पंढरपुरातल्या बाईला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. वेगळे पाणी भरण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता, आणि ते सोडून देण्याचाही.

मग त्यांचे हे काम मागे का राहिले?

एक कारण ‘स्मृतिचित्रे’ हेच. देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले. १९३४ ते १९३६ या काळात त्या चार भागांत प्रसिद्ध झाल्या आणि चरित्रासाठीची टिपणे मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र ठरली. त्या उजेडात ‘ख्रिस्तायन’ झाकोळले. शिवाय धार्मिक काव्य म्हणून ते बहुतेकांनी ख्रिस्ती समाजापुरते मानले.

दुसरे कारण श्रेयाचे. आरंभ करणाऱ्याचे नाव ग्रंथाला चिकटते, शेवटाला नेणाऱ्याचे तळटिपेत जाते. ‘ख्रिस्तायन’चा उल्लेख अनेकदा टिळकांचे महाकाव्य असाच होतो. कल्पना टिळकांची, यात शंका नाही. लक्ष्मीबाईंनीही पतीचे काम म्हणूनच ते हाती घेतले. मात्र ७६ पैकी ६४ हा हिशेब साधा आहे. नाशिकने आपल्या या लेखिकेला केवळ संसाराच्या गोड-कडू आठवणी सांगणारी बाई म्हणून लक्षात ठेवले, तर तिच्या लिहिण्याचा एक मोठा भाग न वाचताच राहील.