भंडाऱ्यातला पराभव अन् बाबासाहेबांचे तीन शब्द

प्रतापगड (ता. अर्जुनी मोरगाव) : गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. त्याआधी प्रतापगड काय, नवेगाव काय, सारं भंडारा जिल्ह्यातच मोडायचं. १९५४ मध्ये तर हा जिल्हा महाराष्ट्रातही नव्हता, मध्य प्रदेशात होता, आणि राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो त्याच दिवसांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाला आपल्या भागाने पाडलं, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यामागची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार. १९०७ मध्ये पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. ही भेट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्युई नावाचे तत्त्वज्ञ त्यांना शिकवायला होते. ड्युईंचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकशाही म्हणजे नुसतं मतदान नव्हे, ती माणसांनी एकमेकांशी मिळून जगायची रीत आहे. ज्या समाजात एक जात दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी पीत नाही, तिथून गेलेल्या तरुणाला हे ऐकून काय वाटलं असेल! बाबासाहेबांच्या लिखाणात ड्युईंचा विचार शेवटपर्यंत दिसतो.

पण पुस्तकातला विचार गावच्या पाण्याशी जोडला तो महाडला. २० मार्च १९२७ ला हजारो लोकांसोबत त्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं नगरपालिकेचं, सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला. कागदावर खुलं, काठावर बंद. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी तिची तुलना थेट १७८९ साली फ्रान्सच्या व्हर्साय गावी भरलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभेशी केली. त्या सभेतून फ्रेंच राज्यक्रांती झाली, राजेशाही कोसळली, आणि जन्माने सगळी माणसं सारखी हा जाहीरनामा निघाला. महाडच्या परिषदेतही माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा ठराव झाला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. पाण्याचा दावा पुढे दहा वर्षं कोर्टात चालला. १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मधली वर्षं धावपळीची. गोलमेज परिषदा, पुणे करार, कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा लढा, मग घटना समिती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं, की राजकारणात एक माणूस एक मत आलं तरी समाजात अन् पैशाअडक्यात विषमता राहिली, तर ही लोकशाही टिकणार नाही. हिंदू कोड बिल अडलं म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ ला मुंबईत लोकसभेला पडले, मग राज्यसभेवर गेले.

आता भंडारा. इथे पोटनिवडणूक लागली कशी, हे ऐकण्यासारखं आहे. १९५२ च्या निवडणुकीत गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. जातीने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. पंथ बदलला म्हणजे तुम्ही महार उरला नाहीत, असं म्हणून अर्ज नाकारला गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल आला, की पंथ बदलला तरी ठवरे महारच राहतात, अर्ज चुकीने नाकारला, म्हणून निवडणूकच रद्द. त्याच खटल्यात एका विजयी उमेदवाराच्या सरकारी विडी पुरवठ्याच्या कंत्राटाचाही वाद होता. विडी आपल्या भागाला काही नवी नाही!

तेव्हा मतदारसंघात दोन जागा असत, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. दुसरं मत कोणालाच न देता कुजवा, म्हणजे बाबासाहेबांचं गणित जमेल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असं जुनी मंडळी सांगत आली. तब्येत साथ देत नव्हती, मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, तरी त्यांनी प्रचार केला. निकाल लागला. मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी जिंकले. एकाच निवडणुकीत एका जागेवर विरोधक आले अन् दुसऱ्या जागेवर बाबासाहेब पडले. यातून जे कळायचं ते कळतं.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. बाबासाहेब त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवर बोलले. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता अन् बंधुता या तीन शब्दांत आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढे जोडलं, की हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने आणलेले नाहीत, ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत. महाडला व्हर्सायचा दाखला देणारा हाच माणूस. सत्तावीस वर्षांत फ्रान्सचा दाखला मागे पडला आणि केळुसकर गुरुजींनी दिलेल्या पुस्तकातला बुद्ध पुढे आला. तीन शब्दांतला बंधुता हा शब्द त्यांना सगळ्यात मोलाचा वाटे. कायद्याने स्वातंत्र्य देता येतं, समता लिहिता येते, पण शेजाऱ्याबद्दल आपुलकी कायद्याने येत नाही, ती धम्मातून येते, अशी त्यांची धारणा झाली होती.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपूरला लाखो लोकांनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्म स्वीकारला. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. आता ठवरेंचा खटला आठवा. ते पंथ बदलूनही महार ठरले, कारण तो पंथ हिंदू धर्मातलाच धरला गेला. या लोकांनी तर धर्मच बदलला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंनाच होत्या, पुढे त्यात शीख आले. म्हणजे राखीव जागा, शिष्यवृत्ती, सगळ्यावर पाणी सोडून माणसं दीक्षाभूमीवर उभी राहिली. ज्यांच्या घरी दोन वेळच्या भाताची भ्रांत, त्यांनी हे केलं. केवढा मोठा सौदा होता तो!

दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत, ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचं त्यांचं पुस्तक १९५७ मध्ये, त्यांच्या माघारी छापलं गेलं. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना साठच्या दशकात दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र दीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांना १९९० उजाडेपर्यंत थांबावं लागलं.