वायफाय स्लो? आधी हर्ट्झना भेटा

माझ्या बेडरूममध्ये वायफाय रांगत होतं. राउटर होता हॉलमधल्या लोखंडी कपाटामागे. तेव्हा हाइनरिख हर्ट्झ आठवले.

१८५७ साली हॅम्बर्गमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ दरम्यान कार्ल्सरूहमध्ये रेडिओ लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. इकडे मोठी ठिणगी पाडायची, तिकडे दूरच्या तारेतल्या फटीत इवलीशी ठिणगी दिसते का बघायचं. लहरी लाकडी दारातून पार गेल्या, जस्ताच्या पत्र्यावरून मात्र परत फिरल्या.

१८९४ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. रेडिओचा जमाना त्यांनी पाहिलाच नाही. पण राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये नाव त्यांचंच!

मी राउटर कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवला. व्हिडिओ अडकायचा थांबला. तुम्हीही आधी लोखंड शोधा, मग कंपनीला फोन करा.