कनॉटचे ड्यूक प्रिन्स आर्थर

चारकोपाकडील कोणी दिल्लीस जाऊन आला, म्हणजे कनॉट प्लेस ह्या बाजाराची हकीकत सांगतो. ते नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांचा आपल्या मुंबई इलाख्याशीही निकट संबंध होता. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

प्रिन्स आर्थर हे विक्टोरिया राणीचे तिसरे पुत्र. त्यांचा जन्म ता. १ मे १८५० रोजी लंडन येथे झाला. सन १८०३ त असईची लढाई जिंकणारे सेनापती, जे पुढे वेलिंग्टनचे ड्यूक झाले, ते त्यांचे धर्मपिता. आर्थर हे नावही त्यांचेच. सन १८७४ त राणीने पुत्रास कनॉट व स्ट्रॅथर्न यांचे ड्यूक हा किताब दिला. कनॉट आयर्लंडात व स्ट्रॅथर्न स्कॉटलंडात आहे. परंतु तेथील कारभार त्यांजकडे आला असे नव्हे. हा केवळ मान होता, व तो बापाकडून मुलाकडे वंशपरंपरेने चालावयाचा होता.

सन १८८६ पासून १८९० पर्यंत ते मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते. सन १८८८ च्या मार्चात पुण्यास हरी रावजी चिपळूणकर यांनी त्यांस मेजवानी दिली. उंची वस्त्रे व दागिने ल्यालेल्या त्या मंडळीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले. जोतीरावांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्यांनी उभे राहून राजपुत्रास सांगितले की, ह्या थाटावरून आमच्या देशाची परीक्षा करू नये. खरी प्रजा खेड्यांत आहे, ती दरिद्री व निरक्षर आहे, आणि हे आपल्या मातोश्रींच्या कानी घालावे.

पुढे ड्यूक सन १९११ ते १९१६ कानडाचे गव्हर्नर जनरल होते. सन १९२१ त त्यांनी दिल्लीस इंडिया गेटची कोनशिला बसविली. परंतु पत्नी सन १९१७ त, वडील कन्या सन १९२० त व एकुलता पुत्र सन १९३८ त, अशी त्यांच्या देखत निवर्तली. ते स्वतः ता. १६ जानेवारी १९४२ रोजी वारले. किताब नातवाकडे गेला. पण तोही पुढल्याच वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षी निपुत्रिक मरण पावला, आणि किताब लयास गेला.

त्या मेजवानीनंतर दोनच महिन्यांनी, ता. ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांस महात्मा ही पदवी दिली. तीस राजाज्ञा नव्हती, वारसाही नव्हता. तरी राजाने दिलेला किताब एकोणसत्तर वर्षांत संपला, आणि ही पदवी आजही खेड्यापाड्यांत लोकांच्या तोंडी आहे, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.