डॉ. डोंडर्स : चष्म्याच्या नंबराला शास्त्राची बैठक देणारा महापुरुष

आपल्या सुरत शहरातील कतारगाम दरवाजाजवळचे डच कबरस्तान आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथील भव्य, दुमजली, घुमटाकार कबर हेंड्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्याची आहे. ते १६९१ मध्ये निवर्तले. मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्यांनी सिद्ध करविला. हॉलंडमधील उट्रेख्ट प्रांताशी त्यांच्या घराण्याचे नाते होते. डच लोकांनी १६१६ च्या सुमारास सुरतेत वखार घातली आणि दोन शतकांहून अधिक काळ ते या बंदराशी व्यापार करीत राहिले. त्यांची जहाजे गेली, वखारी मोडल्या; परंतु त्याच उट्रेख्ट शहरातून पुढे अशी एक देणगी जगास मिळाली की, तिचा उपयोग आज सुरतेच्या घराघरांतून होत आहे. डोळ्यांचे डॉक्टर चष्म्याच्या नंबराची जी चिठ्ठी लिहून देतात, ती शास्त्रशुद्ध रीतीने कशी लिहावी हे ज्यांनी वैद्यकाला शिकविले, त्या डॉ. फ्रान्सिस्कुस कॉर्नेलिस डोंडर्स यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

डोंडर्स यांचा जन्म २७ मे १८१८ रोजी हॉलंडमधील टिलबर्ग या गावी झाला. आठ बहिणींच्या पाठीवर जन्मलेला हा एकुलता एक मुलगा. पितृछत्र लवकरच हरपले आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार मातेने वाहिला. विद्येची त्यांना लहानपणापासून गोडी होती. घरची स्थिती बेताची असल्यामुळे सतराव्या वर्षी, म्हणजे १८३५ मध्ये, त्यांनी उट्रेख्ट येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. १८४० मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. काही काळ लष्करी वैद्य म्हणून काम केल्यावर १८४२ मध्ये ते उट्रेख्टच्या त्याच विद्यालयात अध्यापक म्हणून परतले व १८४७ मध्ये विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी शरीरक्रियाशास्त्र हाच त्यांचा मुख्य विषय होता. नेत्रवैद्यकाकडे ते काहीसे आडवाटेने वळले. एका जर्मन नेत्रवैद्यक-ग्रंथाचे डच भाषांतर करण्याचे काम त्यांनी पत्करले. भाषांतर करता करता पानोपानी त्यांना शंका येऊ लागल्या, आणि त्या शंकांनी त्यांना डोळ्याच्या अभ्यासात ओढून नेले. १८५१ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्या वर्षी जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरले होते. या प्रवासात बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे आणि लंडनचे विल्यम बोमन यांच्याशी त्यांची भेट झाली, व त्यातून आयुष्यभराचा स्नेह जुळला. त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले. शतकानुशतके काळोखी वाटणारी बाहुली त्या यंत्राने उजळून निघाली. डोंडर्स मायदेशी परतले ते नेत्रशास्त्राला वाहून घेण्याचा निश्चय करूनच.

त्या काळी चष्म्याची स्थिती काय होती, हे समजल्यावाचून त्यांच्या कार्याची थोरवी कळावयाची नाही. चष्मा ही तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघालेली वस्तू. पुढे ती समुद्रमार्गे आपल्या देशातही आली. हिंदुस्थानातील चष्म्याच्या इतिहासावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनी विद्वत्तापूर्ण लेखन केले आहे. परंतु साडेपाचशे वर्षे लोटली तरी चष्मा निवडण्याची रीत बदलली नव्हती. फेरीवाल्याच्या टोपलीतील एकामागून एक चष्मा डोळ्यांवर चढवावयाचा आणि ज्यातून त्यातल्या त्यात बरे दिसेल तो विकत घ्यावयाचा. बाजारात जोडे घालून पाहावेत तसाच हा प्रकार होता. बहुतेक डॉक्टर या विषयाकडे ढुंकूनही पाहत नसत. चष्मा देणे हे वैद्याचे काम नव्हे, अशीच समजूत रूढ होती.

डोंडर्स यांनी प्रथम एक गोंधळ निस्तरला. जवळचे दिसते पण दूरचे दिसत नाही, तो एक दोष; आणि दूरचे दिसते पण जवळचे दिसत नाही, तो त्याच्या उलट दोष, असे तोवर सर्व जण मानीत. डोंडर्स यांनी दाखवून दिले की, येथे दोन निराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट डोळ्याची घडण. डोळा लांबट असला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते, ही निकटदृष्टिता. डोळा आखूड असला, तर प्रतिमा पडद्याच्या पलीकडे पडू पाहते, ही दूरदृष्टिता. हे दोन दोष एकमेकांच्या उलट होत. दुसरी गोष्ट म्हणजे जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाची अधिक फुगीर होण्याची शक्ती. ही शक्ती वयानुसार प्रत्येकाचीच कमी होत जाते. आपल्याकडे जिला आपण मोठ्या समर्पक शब्दाने चाळिशी म्हणतो, ती हीच. चाळिशी हा घडणीचा दोष नव्हे, तो वयाचा धर्म होय.

निरनिराळ्या वयाच्या लोकांची तपासणी करून डोंडर्स यांनी या शक्तीचा आलेखच काढला. आजच्या मापाने सांगावयाचे, तर दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात ती सुमारे १४ असते. चाळिशीत सुमारे साडेचार उरते आणि साठीत एकच्या आसपास येते. म्हणून मुलगा पुस्तक सात सेंटिमीटरवर धरूनही वाचू शकतो, आणि आजोबा मात्र पंचांग हात लांब करून वाचतात. सुईत दोरा ओवावयास आजी नातीला हाक मारते, त्याचे कारणही हेच.

या शोधाचा सर्वांत मोठा लाभ गरीब कष्टकऱ्यांना झाला. शिंपी, विणकर, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, कारकून अशा बारीक कामे करणाऱ्या कित्येकांना एक विचित्र त्रास होई. काम सुरू केल्यावर काही वेळाने डोळे दुखू लागत, अक्षरे वा टाके पुसट होत. जरा विसावा घेतला की पुन्हा दिसे आणि पुन्हा तेच. ही दृष्टी अधू होण्याची सुरुवात आहे, असे समजून डॉक्टर त्यांना धंदा सोडावयास सांगत. पोटाचा धंदा सुटला की कुटुंबाची उपासमार ठरलेली. डोंडर्स यांनी अशा रोग्यांना तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे डोळे आखूड घडणीचे निघाले. जे पाहण्यास इतरांना श्रम पडत नाहीत, त्यासाठी हे डोळे सदोदित ताणले जात आणि अखेर थकत. बहिर्गोल भिंगाचा चष्मा दिला की त्रास थांबे. ज्याला असाध्य व्याधी समजत होते, तिच्यावर काचेचा तुकडा हा उपाय ठरला. काही लहान मुलांचा तिरळेपणाही याच ताणातून येतो आणि वेळीच चष्मा दिल्यास तो सुधारू शकतो, हेही त्यांनी दाखविले. जरीकाम, भरतकाम आणि हिऱ्यांना पैलू पाडणे यांवर ज्या सुरत शहरातील असंख्य घरांच्या चुली पेटतात, आणि जेथे खानदेशातून आलेली आमची कित्येक मराठी कुटुंबे यंत्रमागावर राबतात, तेथे या शोधाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तिसरा दोष दृष्टिवैषम्याचा. काही डोळ्यांचा पुढचा पारदर्शक भाग चेंडूसारखा सारख्या गोलाईचा नसून एका दिशेने अधिक वाकलेला असतो. अशा डोळ्याला आडव्या रेषा स्पष्ट दिसल्या, तर उभ्या पुसट दिसतात. इंग्लंडचे ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांनी स्वतःच्या अशा डोळ्यासाठी १८२५ मध्ये दंडगोल काच घडवून घेतली होती. परंतु हा दोष विरळा समजला जाई. तो किती सर्वसाधारण आहे आणि दंडगोल काचेने कसा दूर होतो, हे डोंडर्स यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत स्पष्ट केले.

आता दृष्टी मोजावयाची कशाने? हे काम त्यांचे सहकारी हेर्मान स्नेलेन यांनी केले. १८६२ मध्ये त्यांनी ठरावीक मापाच्या अक्षरांचा तक्ता तयार केला. डॉक्टरांच्या भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता आपण पाहतो, त्याचा हा मूळपुरुष. सहा मीटरवरून निरोगी डोळ्यास जे अक्षर जेमतेम वाचता यावे, त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर असते.

१८५८ मध्ये डोंडर्स यांनी लोकवर्गणीच्या आधाराने उट्रेख्ट येथे नेत्ररुग्णालय स्थापन केले. गरिबांवर उपचार, विद्यार्थ्यांना शिक्षण आणि नवे संशोधन, ही तिन्ही कामे तेथे एकाच छपराखाली चालत. या सर्व परिश्रमांचे सार असलेला त्यांचा महान ग्रंथ १८६४ मध्ये लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने इंग्रजीत प्रसिद्ध केला. तेव्हापासून चष्मा फेरीवाल्याच्या टोपलीतून निघून वैद्यकशास्त्रात मानाने दाखल झाला.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनी हे चरित्र वाचून आपल्या घरातील चष्म्याची चिठ्ठी एकदा उघडून पाहावी. तिच्यातील ओ.डी. म्हणजे उजवा डोळा आणि ओ.एस. म्हणजे डावा, ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत. पहिला आकडा भिंगाची शक्ती सांगतो. त्यामागे उणे चिन्ह असेल तर निकटदृष्टिता, अधिक चिन्ह असेल तर दूरदृष्टिता समजावी. शक्तीचे हे माप डायॉप्टर होय; ते फ्रेंच नेत्रवैद्य मोनोयर यांनी १८७२ मध्ये सुचविले. एक या संख्येला डायॉप्टरने भागले की मीटरमध्ये अंतर मिळते. ज्याचा नंबर उणे २ आहे, त्याला चष्म्यावाचून अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते; उणे ४ असेल तर पाव मीटरपर्यंत. पुढचा सिलिंड्रिकल आकडा दृष्टिवैषम्याचा, आणि त्यापुढील १ ते १८० अंशांमधील ॲक्सिस म्हणजे ती दंडगोल काच कोणत्या दिशेने बसवावयाची तिची खूण. म्हणून चष्म्याची दांडी वाकली वा काच फिरली, तर नंबर बरोबर असूनही नीट दिसत नाही. ॲड हा आकडा वाचनासाठी द्यावयाच्या अधिक शक्तीचा, म्हणजेच चाळिशीचा.

चिठ्ठीवर ६/६, ६/१२ असेही आकडे असतात. त्यांना चष्म्याचा नंबर समजू नये. ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला जे बारा मीटरवरून वाचता येते, ते वाचावयास या डोळ्याला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते. नंबर काचेची शक्ती सांगतो. हे आकडे दृष्टीची तीक्ष्णता सांगतात.

डोंडर्स यांची जिज्ञासा डोळ्यापुरती मर्यादित नव्हती. मनात विचार उमटावयास किती वेळ लागतो, हे मोजण्याचे प्रयोग त्यांनी केले व १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. मानसशास्त्रात ते आजही आद्य प्रयोग मानले जातात. १८८८ मध्ये सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे ते विद्यापीठातून निवृत्त झाले. त्यांच्या गौरवार्थ जमलेल्या रकमेचा तरुण संशोधकांच्या साहाय्यासाठी निधी करण्यात आला. २४ मार्च १८८९ रोजी उट्रेख्ट येथे त्यांचे देहावसान झाले. १९२१ मध्ये त्या शहराने त्यांचा पुतळा उभारला.

आपल्या देशातही डोळ्यांच्या उपचारांची आस्था जुनी आहे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी भोसले (१७७७-१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाशी निगडित वारशात जतन झाल्या आहेत. असे असूनही चष्म्याविषयीचे गैरसमज आपल्यातून अजून गेलेले नाहीत. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे पुष्कळ घरी म्हणतात. वस्तुतः वाढत्या वयात डोळा लांबत जातो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा त्याचे कारण नव्हे. मुलीला चष्मा लागला तर लग्नाच्या बाजारात अडचण होईल, या भीतीने तिची दृष्टी तपासलीच जात नाही, हे तर फारच खेदाचे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून जो मुलगा मागे पडतो, त्याला आपण मठ्ठ म्हणतो. आणि त्याला स्वतःला तरी काय ठाऊक की इतरांना याहून स्पष्ट दिसते? त्याने दुसरे जग पाहिलेलेच नसते.

म्हणून आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की, फळा पुसट दिसत असेल, डोळे बारीक करून पाहावे लागत असेल, वाचताना कपाळ दुखत असेल, तर संकोच न करता शिक्षकांना आणि घरी सांगावे. आपल्या शेजारी बसणाऱ्याला असा त्रास होत असेल, तर त्याची थट्टा न करता त्यालाही सांगावयास लावावे. रोज काही वेळ मोकळ्या उजेडात खेळावे. त्याने निकटदृष्टिता जडण्याचा संभव कमी होतो, असे आजचे शास्त्र सांगते. आणि पालकांनी दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी, पुढच्या तपासणीच्या वेळी ती ताडून पाहावी. त्या चार आकड्यांमागे एका थोर पुरुषाची आयुष्यभराची तपश्चर्या उभी आहे. ते आकडे समजून घेणे, हेच त्यांच्या स्मृतीला खरे अभिवादन होय.